ओटीपी येईपर्यंत एक डाव : वरूड तालुक्यातील एका खेळ-इंटरनेट केंद्राचे परीक्षण

वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या बाजूला संत्र्यांच्या बागांमध्ये वसलेल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतील दोन खोल्यांमध्ये गेल्या वर्षभरापासून एक केंद्र चालते. एका खोलीत चार संगणक, एक प्रिंटर आणि वायफाय आहे. दुसरीत उभे राहून खेळायची, जुन्या धाटणीची दोन व्हिडिओ गेमची मशिने आहेत. मधली भिंत कमरेपर्यंत पाडलेली असल्यामुळे एका खोलीतला माणूस दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बसल्या जागेवरून बोलू शकतो. दारावरच्या पत्र्यावर निळ्या ऑइल पेंटने 'इंटरनेट व गेम' एवढेच लिहिले आहे. मी तेथे तीन वेळा गेलो : एकदा उत्सुकतेपोटी, एकदा भाच्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, आणि तिसऱ्यांदा, खरे सांगायचे तर, केवळ खेळण्यासाठी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात शंका होती. प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आल्यावर सायबर कॅफे इतिहासजमा झाले, असे मी धरून चाललो होतो, आणि व्हिडिओ गेमची पार्लरे तर त्यांच्याही आधी बंद पडली होती. बुडालेल्या दोन धंद्यांची मोट बांधून तिसरा कसा तरेल, हे मला कळत नव्हते. पहिल्याच दुपारी थोडा उलगडा झाला. फोनवर व्हिडिओ पाहता येतो, पण चार कागद स्कॅन करायचे, प्रत्येकाचा आकार संकेतस्थळाला चालेल इतका कमी करायचा, अर्ज भरायचा आणि शेवटी त्याची छापील प्रत हातात घ्यायची, हे सगळे फोनवर करू म्हटले तर बोटांची आणि डोळ्यांची दमछाक होते. त्यात डोंगराच्या कडेला असल्यामुळे गावात फोनचे नेटवर्क घराघरात निराळे आहे. ओसरीवर दोन दांड्या दिसतात आणि आतल्या खोलीत एकही दिसत नाही.

अमरावती जिल्ह्याला या विषयाचे अप्रूप नवे नाही. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजले. केंद्र सरकारने २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर केलेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागलेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत तार पोहोचवण्यासाठीच आहे. तार पंचायतीपर्यंत आली, तरी पंचायतीच्या दारापासून माणसाच्या कामापर्यंतचे शेवटचे शंभर पावलांचे अंतर कोणीतरी चालावे लागते, आणि या गावात ते काम एका नवराबायकोने अंगावर घेतले आहे. गाव त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणते. मीही तेच म्हणेन.

इंटरनेटवरची सरकारी कामे ज्याने केली आहेत त्याला ठाऊक असते, की त्यांत काम थोडे असते आणि थांबणेच फार. ओटीपीसाठी थांबायचे, तो येईपर्यंत पानाची मुदत संपली म्हणून पुन्हा मागवायचा, कागद चढेपर्यंत थांबायचे, पडद्यावरचे चक्र फिरायचे थांबेपर्यंत आपणही थांबायचे. इतर ठिकाणी हे थांबणे बाकावर बसून, शेजाऱ्याच्या कागदांत डोकावत आणि भिंतीवरचे जुने कॅलेंडर वाचत होते. येथे भाऊ गिऱ्हाइकाच्या हातात टोकन ठेवतात आणि म्हणतात, "थांबा नं काकाजी, ओटीपी येऊन रायला, तवरक एक चान्स घेऊन घ्या." पासष्टीचे काकाजी थोडे लाजतात, आजूबाजूला पाहतात आणि उठतात. ओटीपी आला की वहिनी संगणकावरून हाक मारतात, आणि माझ्या देखत तीनपैकी दोनदा काकाजींनीच "थांब जरासं, भूत मांगं लागलं हाये," असे उत्तर दिले.

ही जोडणी जमते याचे कारण मशिनांच्या मूळ घडणीत आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी घडवलेला, वरून चालून येणाऱ्या शत्रूंवर गोळ्या झाडायचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ मध्ये जपानात आला आणि तोरू इवातानी यांचा, चक्रव्यूहात ठिपके खात भुतांपासून पळायचा 'पॅक-मॅन' नामको कंपनीने १९८० मध्ये आणला. मशीन ठेवणाऱ्याची कमाई पडणाऱ्या नाण्यांवर असल्यामुळे नवख्याचा डाव दोन-तीन मिनिटांत आटोपावा आणि तरीही त्याला पुन्हा नाणे टाकावेसे वाटावे, असा बेत या खेळांत असे. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले भराभर सरकू लागतात. पडद्यावर काढायची चित्रे कमी झाली की प्रोसेसरचे काम लवकर उरके, त्यातून आपोआप झालेला हा परिणाम निशिकादो यांनी तसाच राहू दिला आणि खेळणाऱ्याचा घाम काढण्याची सोय झाली. फोनवरच्या बहुतेक खेळांची घडण याच्या उलट असते : डाव संपूच नये, माणूस उठूच नये, अशी त्यांची व्यवस्था असते. ओटीपीच्या प्रतीक्षेत तसा खेळ उघडला तर ओटीपी येऊन जातो आणि माणूस मान खाली घालून बसलेलाच राहतो. येथे माणूस हरतो, हसतो आणि आपल्या अर्जाकडे परत जातो.

आता मशिनांविषयी. पहिले मशीन गावच्या सुताराने प्लायवूडमध्ये केलेले नवे आहे. त्याच्या पोटात रास्पबेरी पाय ४ हा २०१९ मध्ये बाजारात आलेला, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आहे आणि त्यावर मेम हा प्रोग्राम चालतो. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम जुन्या मशिनांच्या सर्किटची हुबेहूब नक्कल करतो, म्हणून मूळ खेळ मूळ स्वभावानिशी चालतो. 'पॅक-मॅन'मधली चार भुते एकसारखी वागत नाहीत, हे येथे दहा वर्षांच्या पोट्ट्यांनाही तोंडपाठ आहे : लाल भूत सरळ पाठलाग करते, गुलाबी भूत आपल्या पुढची जागा हेरून वाट अडवू पाहते, आणि नारिंगी भूत लांबून चालून येते पण जवळ आले की कोपऱ्याकडे पळ काढते. संत्र्याच्या गावात या नारिंगी भुताची तुलना कोणत्या व्यापाऱ्यांशी केली जाते, ते येथे न लिहिलेले बरे.

मशिनाची बांधणी मजबूत आहे, पण त्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही खेळणाऱ्याच्या अनुभवाला बाधक आहेत. पहिली दांड्याची, म्हणजे जॉयस्टिकची. पॅक-मॅन वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे एवढ्याच दिशांना जातो, म्हणून मूळ मशिनाचा दांडाही चारच दिशांना हलत असे. येथे आठ दिशांचा दांडा बसवला आहे. त्यामुळे वळणावर हात किंचित तिरपा गेला की दोन स्विच एकदम दाबले जातात, वळण हुकते आणि मागचे भूत गाठते. नवख्याला वाटते आपलेच चुकले. अशा अनेक दांड्यांच्या खाली हालचाल अडवणारी एक पट्टी असते आणि ती फिरवून बसवली की दांडा चार दिशांचा होतो. पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि मी ते भाऊंना पहिल्याच भेटीत सांगितले. दुसरी चूक पडद्याची. मूळ खेळाचे चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे उभे आहे. येथे संगणकाचा रुंद पडदा आडवाच लावल्यामुळे दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या राहतात आणि चक्रव्यूह मधोमध आक्रसून बसतो. पडदा नव्वद अंशांत फिरवून लावला असता, तर चष्मा लावणाऱ्या काकाजींची मोठी सोय झाली असती.

दुसरे मशीन खरोखर जुने आहे. नागपूरच्या भंगारातून आणलेला, कोपऱ्यांवर सनमायका निघालेला खोका, आत जाड काचेचा पिक्चर ट्यूबचा पडदा, आणि त्यात माझ्या पिढीच्या विदर्भातल्या मुलांनी 'मुस्तफा' म्हणूनच ओळखलेला खेळ. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे त्याचे खरे नाव मला नोकरीला लागल्यावर कळले. त्याआधी अमरावतीला मामाकडे गेल्यावर गल्लीतल्या पार्लरात एका रुपयाला एक चान्स मिळत असे आणि आम्ही तो मुस्तफालाच देत असू, कारण चौघांत तोच चपळ. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास ठरवून दिलेल्या जाम्मा या छप्पन्न टोकांच्या जोडणीमुळे एका खोक्यातला बोर्ड काढून दुसरा बसवणे सोपे झाले, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही भंगारातला खोका जिवंत करता आला. या पडद्यावर रंग वेगळेच दिसतात : कडा थोड्या विरघळलेल्या, उजेड आतून आल्यासारखा. रास्पबेरी पायवाल्या मशिनापेक्षा हाताची हालचाल आणि चित्राची हालचाल यांत वेळेचे अंतर कमी जाणवते, हेही नोंदवायला हवे.

मात्र या मशिनाबाबत माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती चवीची नसून जिवाची आहे. खोक्याची मागची फळी एकाच स्क्रूवर लटकते आहे. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि मशीन बंद केल्यावरही काही काळ ट्यूबमध्ये भार राहू शकतो. मागे गेलेला चेंडू काढायला हात घालणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? फळीला चारही कोपऱ्यांत स्क्रू मारावेत आणि मशीन भिंतीला टेकवून पक्के करावे. यासाठी नागपूरहून काही मागवावे लागत नाही. दुसऱ्या भेटीतही फळी तशीच होती, म्हणून मी हे येथे लिहीत आहे.

नाण्यांऐवजी टोकन का, याचा किस्सा मजेदार आहे. मशिनात बसवायचा स्वस्तातला नाणेग्राहक आत एक नमुन्याचे नाणे अडकवून येणारे नाणे त्याच्याशी ताडून पाहतो. आपल्याकडे पाच रुपयांची नाणी इतक्या प्रकारची चलनात आहेत, कुणी जाड, कुणी पातळ, कुणी पांढरे, कुणी पिवळे, की नमुना कोणताही ठेवला तरी निम्मी नाणी परत येत. शेवटी भाऊंनी सगळ्यांसाठी एकाच प्रकारची पितळी टोकने आणली. टोकन पाच रुपयांना आहे, आणि ते टाकून हरले तर पाच रुपयेच जातात, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी या भागात तिला अर्थ आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तोवर फोनवरच्या पत्त्यांनी किती घरांत भांडणे लावली, हे कोणत्याही गावच्या पारावर विचारून पाहावे. येथे जिंकल्यावर काहीच मिळत नाही, आणि भाऊ बक्षिसांच्या स्पर्धा ठेवायलाही ठाम नकार देतात. तो त्यांनी कायम ठेवावा.

इंटरनेटच्या खोलीचे दर असे : संगणक तासाला वीस रुपये, छापील पान पाच रुपये, अर्ज भरून हवा असल्यास तीस रुपये, आणि वायफायचे दिवसभराचे कूपन दहा रुपये. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी या व्यवस्थेत कोणत्याही दुकानदाराला परवाना किंवा शुल्काशिवाय असे सार्वजनिक वायफाय देता येते. वेग समाधानकारक आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या दिवसांत नागपूरच्या कळमना बाजाराचे भाव पाहण्यासाठी सकाळी आठपासून माणसे ओसरीवर जमतात, आणि बाग पाहायला येणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलताना हातात आकडा असला की आवाज कसा बदलतो, ते मी ऐकले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, शिष्यवृत्ती, प्रवेश परीक्षांचे अर्ज ही नेहमीची कामे. ई-पीक पाहणी (उभ्या पिकाची सरकारी नोंद) करून द्या म्हणूनही काही जण येतात. तिचे छायाचित्र शेतात उभे राहूनच काढावे लागते, हे वहिनी दिवसातून दोनदा तरी न चिडता समजावतात.

सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार येणाऱ्याची ओळख पाहून नोंदवही किमान एक वर्ष जपावी लागते, आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच चालत नाहीत, आणि आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवावे लागतात. नोंदवही नीट आहे, आडोसे मुळीच नाहीत आणि पडदे बाहेर वळलेले आहेत, म्हणजे नियम पाळला गेला आहे. अडचण अशी की बाहेर वळलेल्या पडद्यांच्या समोरच मशिनांसाठीची रांग लागते, आणि टोकन हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक वाचण्याखेरीज काम नसते. माझ्या भाच्याच्या घरचे वार्षिक उत्पन्न त्या दिवशी निदान चार अनोळखी माणसांना कळले. बाजूने पाहणाऱ्याला काळा दिसणारा पातळ कागद पडद्यांवर चिकटवता येतो, आणि निदान एका संगणकावर तरी तो लावावा. खेळ आणि व्यवहार एका छताखाली आणताना व्यवहाराची लाज राखण्याची जबाबदारी वाढते, हे चालकांच्या अजून पुरेसे लक्षात आलेले दिसत नाही.

मुलांच्या बाबतीत त्यांनी एक चाल केली आहे. कुणा पोट्ट्याने म्हाताऱ्या माणसाचा मजकूर मराठीत टंकून दिला, की त्याला एक टोकन मिळते. शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला, तेव्हा शिकवणारे कोणी नसताना वस्तीतली मुले एकमेकांना दाखवत तो वापरायला शिकली होती. येथेही एक मूल टंकते आणि तिघे मागून जोडाक्षरे सांगतात, अगदी मशिनापुढे एक जण खेळतो आणि तिघे "डावीकडं, डावीकडं" ओरडतात तसेच. मला हे आवडले. फक्त बँकेच्या आणि आधारच्या कामांत मुलांना बसवू नये. भाऊ तसे करत नाहीत म्हणतात, आणि मी गेलो त्या तिन्ही दिवशी खरोखरच करत नव्हते.

वीज हा विषय दोन ओळींत संपतो. रास्पबेरी पायचे मशीन पडदा धरूनही इतकी थोडी वीज घेते, की लाइन गेल्यावर ते, राउटर आणि एक संगणक इन्व्हर्टरवर अडीच तास चालले. मुस्तफा मात्र ताबडतोब झोपतो. इन्व्हर्टर संपल्यावर माझ्या कूपनाचा उरलेला वेळ वाया गेला आणि तो भरून मिळाला नाही, ही नाराजी दहा रुपयांचीच असली तरी आहे.

यापेक्षा मोठा प्रश्न हक्कांचा आहे. मेम हा प्रोग्राम विनामूल्य आणि कायदेशीर आहे, पण त्यात घालायचे खेळ त्या त्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत, आणि नक्कल आहे हे ठाऊक असताना असा संगणकीय प्रोग्राम वापरणे हा १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ ब नुसार गुन्हा आहे. पैसे घेऊन चालणाऱ्या केंद्राने याकडे काणाडोळा करणे बरोबर नाही. जुने खेळ परवान्यासह विकत मिळतात, आणि छंद म्हणून लिहून मोफत वाटलेले नवे खेळही याच मशिनावर चालतात. मी हा मुद्दा काढला तेव्हा भाऊ गप्प झाले, आणि दुसऱ्या भेटीत मशिनातल्या यादीतले शेकडो खेळ जाऊन सतरा उरले होते. ते सतराही तपासून घ्यावेत.

दुपारी दोन ते चार ही वेळ बायका आणि मुलींसाठी राखलेली आहे, आणि तेव्हा केंद्र वहिनी एकट्या पाहतात. इवातानी यांनी 'पॅक-मॅन' रचताना गोळीबार सोडून खाण्याची कल्पना घेतली, ती पार्लरात मुलींनीही यावे म्हणून. वरूड तालुक्यापर्यंत तो हेतू पोहोचायला बराच काळ लागला. मी त्या वेळेत आत जाऊ शकत नव्हतो, पण ओसरीवर बसून चहा पिताना जो गलका ऐकला तो सकाळच्या गलक्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

मूळ मशिनात वीज गेली की 'पॅक-मॅन'चा उच्चांक पुसला जात असे, आणि येथली नक्कल इतकी प्रामाणिक आहे की तो येथेही पुसला जातो. लाइन रोजच जाते आणि इन्व्हर्टरही कधी ना कधी संपतो, म्हणून भाऊंनी भिंतीवर शाळेचा जुना फळा लावून त्यावर खडूने आकडे मांडले आहेत. तिसऱ्या भेटीत मी ७,४६० पर्यंत पोहोचलो आणि सातव्या ओळीत जागा मिळवली, तीही आठ दिशांच्या दांड्यासह, हे नम्रपणे नोंदवतो. फळ्यावर सर्वांत वर ३१,२८० असा आकडा होता आणि त्यापुढे 'आशाताई' असे लिहिले होते. गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशा स्वयंसेविकेचा हात इतका कसा बसला, असे मी विचारले, तेव्हा वहिनी संगणकावरून नजर न काढता म्हणाल्या, "महिन्याच्या शेवटी त्यांचे रिपोर्ट चढाले लय टाइम लागते नं, भाऊजी."